निवेदन आणि अँटेना

आमच्या गावात कुणी घरावर मोबाइलचा अँटेना लावायची गोष्ट काढली की मी आडवा येत असे. आज वाचनालयाच्या स्लॅबवर जो अँटेना उभा आहे, तो लावायचा प्रस्ताव मीच मांडला. ज्यांनी माझ्यासोबत टॉवरसाठी तहसीलच्या चकरा मारल्या, निवेदनांवर सह्या केल्या, त्यांच्यातल्या काहींना हे रुचलेलं नाही. "गुरुजी, तुमीच म्हणत होते ना जी, असा कराचा नाही म्हणून?" असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि उत्तर देणं माझं काम आहे.

आमचं गाव तुमसर तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणी याच पट्ट्यातल्या. तुमसर-तिरोडी रेल्वे याच बाजूनं जाते, आणि पुढं मध्य प्रदेश लागतो. टॉवर नाहीतच असं नाही. आहेत, पण रस्त्याच्या आणि रेल्वेच्या अंगानं, आणि आमच्या नि त्यांच्या मधे टेकडी आहे. मोबाइलच्या लहरी टेकडीच्या माथ्यावरून थोड्याफार वळतात, पण टेकडीमागं जी सावली पडते तिच्यात फार थोडं पोचतं. त्यात आमची झाडी दाट. पावसाळ्यात मोहाची, सागवानाची पानं भिजली की होतं तेही नेटवर्क पातळ होतं. घरंही बदलली. मातीच्या भिंती आणि वर कवेलू होते तेव्हा घरात बसून बोलता यायचं. मग टिनाचे पत्रे आले, आणि फोन आला की अंगणात धावणं आलं, कारण धातूचा पत्रा या लहरी आत येऊच देत नाही. सीमेवरच्या गावांना आणखी एक ताप असतो. कधीकधी फोन राज्याच्या सीमेपलीकडचा टॉवर पकडतो, आणि तो टॉवर कंपनीच्या दुसऱ्या सर्कलमध्ये असतो. तक्रार केली की इकडचे सांगतात, तो टॉवर आमच्याकडे येत नाही. तिकडचे सांगतात, तुमचा नंबर महाराष्ट्राचा.

माझ्या विरोधामागं विचार होता, आणि त्यातला बराचसा मला आजही खरा वाटतो. नेटवर्क ही आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही. रेशन दुकानात अंगठा जुळल्याशिवाय तांदूळ मिळत नाही, आणि अंगठा जुळायला त्या मशीनला नेटवर्क लागतं. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून धान रोवल्याची नोंदही शेतकऱ्यानं बांधीत उभं राहून मोबाइलवर करायची आहे. धान आधारभूत केंद्रावर द्यायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी. लाडक्या बहिणीचे पैसे हवे तर ओटीपी. सरकारनं इतकं सगळं मोबाइलवर नेलं, तर मोबाइल चालेल हे पाहणं सरकारचं आणि स्पेक्ट्रम विकत घेतलेल्या कंपन्यांचं काम आहे. गरिबानं त्यासाठी पदरचे दोन-तीन हजार का घालायचे?

दुसरी भीती जास्त खोल होती. भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्याला तलावाचं उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ते माजी मालगुजारी, म्हणजे आपले मामा तलाव झाले. पुढं ज्याला परवडलं त्यानं बोअर मारला. त्याच्या बांधीत पाणी आलं, आणि तलावात साचलेल्या गाळाची, फुटलेल्या पाटाची त्याला फिकीर राहिली नाही. मागं उरले ते बोअर न परवडणारे, आणि त्यांच्या अर्जाला वजन नव्हतं. अँटेनाचंही असंच होईल असं मला वाटे. ज्यांच्या स्लॅबवर अँटेना लागेल ते निवेदनावर सही करतील, पण मोर्च्याला येणार नाहीत. म्हणून मी सांगत असे, सगळ्यांना मिळेल तेव्हाच घेऊ.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या, मी तेव्हा नोकरीत होतो. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी मोहीम निघाली. आमच्याकडे एका घराच्या पडवीत, वळचणीखाली एक खिळा होता. त्या खिळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फोन टांगला की त्याला दोन कांड्या मिळायच्या. खिशात ठेवला की काहीच नाही. मग तो फोन तसाच टांगून हॉटस्पॉट सुरू करायचे आणि आजूबाजूची पोरं खाली पडवीत बसायची. उन्हाळ्यात तो फोन हाताला चटका बसेल इतका तापायचा. त्याचं कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. टॉवर वीस-चाळीस वॉटनं बोलतो आणि आपल्या फोनची जास्तीत जास्त ताकद असते ०.२ वॉट. टॉवर जितका लांब किंवा आडोशाला, तितका फोन आपली सगळी ताकद लावून ओरडतो; वर हॉटस्पॉटचं काम वेगळं. म्हणूनच आमच्याकडे व्हिडिओ अडखळत का होईना चालायचा, पण गृहपाठाचा फोटो चढायचा नाही. टॉवरचा आवाज आमच्यापर्यंत यायचा, आमचा टॉवरपर्यंत जायचा नाही. त्या खिळ्याकडे मी रोज पाहत होतो, आणि तरीही अँटेनाला माझा विरोधच होता.

माझा भाचा इलेक्ट्रिकचं काम करतो. त्याच्या मुलीला प्रवेशाच्या फेरीत कॉलेजांचे पर्याय भरायचे होते आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. मी त्याला नेहमीचं सांगितलं, तर तो म्हणाला, "मामाजी, टावर येईन तवा येईन. पोरीचा फारम त आजच भरा लागते." मुलीला घेऊन तो गोबरवाहीकडे गेला आणि फॉर्म भरून आला. पुढच्याच आठवड्यात त्यानं नागपूरहून अँटेना आणि सिम टाकायचा राउटर आणला. मी काही बोललो नाही. पण त्या मुलीला सगळ्यांना मिळेल तोपर्यंत थांब असं सांगण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

तरीही माझं मत बदललं ते त्या दिवशी नाही. बदललं ते आमच्या निवेदनाला आलेल्या उत्तरानं. कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं: आपल्या गावात सेवा उपलब्ध आहे. पूर्वी असं उत्तर आलं की आम्ही संतापायचो आणि तेच निवेदन तारीख बदलून पुन्हा द्यायचो. या वेळी तो कागद खिशात घेऊन मी भाच्याच्या स्लॅबवर चढलो. त्यानं मोबाइलवर सिग्नलचा आकडा दाखवला. वर उणे ९८. खाली पत्र्याच्या खोलीत उणे ११६. हा आकडा डेसिबलमध्ये असतो आणि उणेमध्ये असतो. शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला. उणे ८०-९० असेल तर काम सुरळीत चालतं, उणे ११५ च्या खाली गेलं की सगळं रखडतं. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट होते, १० ला दहापट. म्हणजे स्लॅब आणि खोली यांच्यात साठपटींचा फरक होता. स्लॅबवर सेवा उपलब्ध होती आणि घरात नव्हती. कंपनीचं वाक्य खोटं नव्हतं आणि आमचंही नव्हतं. 'नेटवर्क नाही' एवढंच लिहिलेल्या निवेदनाला तेच उत्तर येत राहणार, हे मला तिथं उभं असताना उमगलं.

मग मी हा विषय नीट शिकायला बसलो. शिक्षकाची खोड.

आपण वापरतो त्या अँटेनाचं मूळ जपानमधलं. १९२६ च्या सुमारास सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिन्तारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो मांडला. एका दांडीवर आडव्या धातूच्या काड्या ठराविक लांबीच्या आणि ठराविक अंतरावर बसवल्या, की चहूकडून थोडं थोडं घेण्याऐवजी तो एकाच दिशेचं जास्त घेतो. दूरदर्शनच्या काळात घरोघर लागला तो हाच यागी. बाजारात मोबाइलसाठी जो मिळतो तो बहुधा त्याचा चुलतभाऊ, लॉग-पिरिऑडिक. तो १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात तयार झाला. यागी एका फ्रिक्वेन्सीच्या आसपासच चांगला चालतो, हा बऱ्याच फ्रिक्वेन्सी सांभाळतो. त्याच्या काड्या एका टोकाला लांब आणि दुसऱ्या टोकाला आखूड असतात, आणि आखूड टोक टॉवरकडे करायचं असतं. पुष्कळ जण उलटा लावतात.

गावात एकानं माळ्यावरून दूरदर्शनचा जुना अँटेना काढून आणला होता. तो चालणार नव्हता. टीव्हीच्या त्या वेळच्या लहरी दीड मीटर आणि त्याहूनही लांब, म्हणून काड्या हातभर लांब. १८०० मेगाहर्ट्झची मोबाइलची लहर जेमतेम १७ सेंटिमीटरची, तिला ८ सेंटिमीटरची काडी पुरते. आकार फ्रिक्वेन्सीप्रमाणे लागतो. म्हणून अँटेना घेताना तो कुठून कुठपर्यंतच्या फ्रिक्वेन्सीसाठी आहे हे खोक्यावर पाहून घ्यावं. स्वस्तातले काही ८०० मेगाहर्ट्झपासून सुरू होतात. बीएसएनएलचं नवं ४जी ७०० वरही आहे, तिथं असा अँटेना फारसा उपयोगाचा नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते केबलमध्ये, आणि त्याकडेच कुणी पाहत नाही. अँटेना साधारण ९-१० डेसिबल मिळवून देतो. त्याला बाजारातली बारीक काळी केबल दहा मीटर लावली, तर १८०० मेगाहर्ट्झवर ७-८ डेसिबल केबलच खाते. उंच बांबूवर अँटेना, तिथून लांबलचक केबल, खाली खोलीत राउटर, आणि घरमालक म्हणतो की अँटेनानं काही होत नाही. जाड केबलीत हे नुकसान दोनेक डेसिबलवर येतं, पण ती महाग. आम्ही वाचनालयात राउटरच वर नेला. जिन्याच्या टोपीखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी राउटर. तिथून अँटेनापर्यंत हात-दोन हात केबल. आणि खाली खोलीत आणली ती संगणकाची नेटवर्क केबल. ती शंभर मीटरपर्यंत न गळता माल पोचवते. दोन अँटेना लावले, एकमेकांशी काटकोनात, दोन्ही ४५ अंशांत तिरपे, कारण ४जी दोन वाटांनी एकदम माहिती आणतं आणि राउटरला दोन खोबणी असतात. साध्या फोनला अशी खोबण नसते. म्हणून फोनच्या हॉटस्पॉटला अँटेना जोडू म्हणणाऱ्यांनी आधी बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला सिमचा राउटर पाहावा, आणि त्यावरची खोबण ४जीची आहे की घरातल्या वायफायची, हे दुकानदाराला दोनदा विचारावं.

दिशा लावताना घाई चालत नाही. अँटेना चार बोटं फिरवायचा, हात काढून घ्यायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, लिहून घ्यायचं, पुन्हा फिरवायचा. आम्हाला सर्वांत चांगला आकडा जवळच्या टॉवरच्या दिशेला मिळाला नाही. तो मिळाला टेकडीच्या खिंडीकडे, दूरच्या टॉवरवरून. जोडावर रबरी चिकटपट्टी गुंडाळली, केबलीला खाली झोळ दिला म्हणजे पाणी ओघळून पडेल, आणि खांबाला अर्थिंग केलं. मृगाच्या विजा आमच्याकडे दरवर्षी माणसं आणि ढोरं घेतात. स्लॅबवर धातूचा खांब उभा करणाऱ्यानं अर्थिंगचे पैसे वाचवू नयेत, आणि गडगडाट सुरू झाला की कुणी वर जाऊ नये.

एका गोष्टीवर मी आधीही ठाम होतो आणि आताही आहे. अँटेना वेगळा आणि बूस्टर वेगळा. अँटेना नुसता गोळा करतो. बूस्टर लहर पकडून, वाढवून पुन्हा हवेत सोडतो, आणि परवान्याशिवाय तो लावणं भारतात बेकायदा आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हा निर्बंध आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही विनापरवाना यंत्रणेला शिक्षा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, एका घरातला वाईट बूस्टर टॉवरच्या कानाशी गोंगाट करतो आणि अख्ख्या वस्तीचं नेटवर्क बिघडवतो. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून कुणी आणत असेल तर त्याला मी आजही आडवा येईन.

आता माझ्या सोबत्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तलावाचं उदाहरण मी अर्धंच सांगत आलो होतो. बोअरवाल्यांनी तलाव सोडले हे खरं. पण ते तलाव मुळात बांधले कुणी? साकोली-लाखनीकडच्या कोहळी समाजातल्या लोकांनी, गोंड राजांच्या काळापासून, जमिनीचा उतार पाहून पाळी घातल्या, पाट काढले, पाण्याची वाटणी ठरवली. सरकार येऊन बांधून देईल म्हणून ते बसले नाहीत, आणि बांधलेला तलाव एकट्याचाही ठेवला नाही. माझी भीती खरं तर अँटेनाची नव्हतीच, ती प्रत्येकाच्या वेगळ्या अँटेनाची होती. मग तो एकट्याचा न ठेवता गावाचा का करू नये? म्हणून आमचा अँटेना वाचनालयावर आहे. रिचार्जचे पैसे वर्गणीतून जातात, पासवर्ड ग्रंथपालाकडे असतो, आणि कोण कधी बसलं याची वही आहे, कारण सिम एकाच्या नावावर असतं आणि त्यावरून काही गैर झालं तर जबाबदारी त्याची. फॉर्म भरणारी पोरं, पीक पाहणी अपलोड करणारे शेतकरी, केवायसी करणाऱ्या बाया, सगळे तिथं येतात. रेशनचं मशीनही गरज पडली तर तिथं आणता येतं.

अँटेनामुळे मागणी सैल पडेल, असं मला वाटायचं. आमच्या गावात झालं ते वेगळं. वहीच्या मागच्या पानांवर आता रोजचे आकडे आहेत: सकाळी, दुपारी, रात्री आठला, स्लॅबवर किती, खोलीत किती, कुठला बँड, कुठला टॉवर. रात्री आठला सिग्नल पूर्ण आणि वेग शून्य अशा नोंदी पानोपान आहेत, म्हणजे टॉवरवर गर्दी आहे आणि त्याची क्षमता वाढवायला हवी; ते काम अँटेनाचं नाही. वीज गेल्यावर थोड्या वेळानं सिग्नलच नाहीसा होतो, म्हणजे टॉवरची बॅटरी संपते. हे आता नुसतं आमचं म्हणणं राहिलेलं नाही, लेखी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनुसार कंपन्यांना आपलं नेटवर्क कुठं पोचतं याचे नकाशे वेबसाइटवर द्यावे लागतात. नकाशातला रंग आणि आमचा आकडा समोरासमोर ठेवता येतो. 'सेवा उपलब्ध आहे' या एका ओळीला आता आम्ही विचारू शकतो: कुठं, किती वाजता, छतावर की घरात?

आणि जिथं काहीच येत नाही, तिथं अँटेना काय करणार? शून्याला कितीनंही गुणा. आमच्याच गावची एक टोली टेकडीच्या मागं, जंगलाला लागून आहे. तिथं आम्ही अँटेना नेला, उंच बांबूवर चढवला, चारी दिशांना फिरवला. आकडा उमटलाच नाही. तिथं फक्त टॉवरच हवा. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या २४,६८० नेटवर्कविना गावांसाठी ४जीची योजना मंजूर केली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं लोकार्पण झालं. पण गाव म्हणून मोजलं की आमच्याकडे नेटवर्क आहे असं ठरतं, टोली म्हणून मोजलं की नाही. तिथल्या लोकांसाठी माझं जुनं मत तसूभरही बदललेलं नाही. त्यांना वर्गणी काढा, अँटेना लावा असं सांगणं म्हणजे त्यांची फसवणूक होईल.

टोलीच्या नोंदी घेण्याचं काम सध्या तिथल्याच दहावीतल्या मुली करतात. पहाडीवरचं देऊळ, हातपंप, अंगणवाडी आणि शाळेचं आवार अशा ठरलेल्या जागी उभं राहून त्या आकडा किंवा 'काही नाही' असं लिहितात. हा तक्ता २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठरावाला जोडायचा आहे. ठरावाचा मसुदा मी लिहिला आहे. त्यात मागणी अशी: टोलीसाठी ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा टॉवर, कारण झाडीतून कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी जास्त पोचतात; आणि वीज गेल्यावर रात्रभर चालेल एवढी बॅटरी.